खालून आलेला पाऊस

शुभदा,

परवा माने सर येऊन गेले. ओसरीवर बसले, चहा घेतला. तुझं नाव कुणीच काढलं नाही. मग उठता उठता म्हणाले, "संगीताबाई, त्या दिवशी पठारावर तुमा दोघींचं काय झालं, ते कवा तरी नीट सांगा की. डॉक्टर असत्या तवा त्या एक सांगायच्या, तुमी एक सांगायचा. आमाला कळायचंच न्हाई, खरं कुणाचं."

सांगते म्हटलं. पण त्यांच्याआधी तुला सांगावंसं वाटलं. तुझं आणि माझं, दोन्ही धरून, एकदा सलग. आपण हे कधी सलग बोललोच नाही, अर्ध्यावर भांडण व्हायचं. आता मध्येच "हे असं नव्हतं हं" म्हणायला तू नाहीस, आणि याची सवय मला अजून झालेली नाही. एक वाक्य बोलून झालं की मी थांबते. तू आडवं लावशील म्हणून वाट बघते.

आपली ओळख सायकलीवरची. पन्नाशीला आलेल्या दोन बायका. एक मिरजेत पेशंटला भूल देणारी डॉक्टर, दुसरी पलूसजवळच्या शाळेत पहिलीच्या पोरांना पाटी धरायला शिकवणारी बाई. मी सायकल धरली गुडघ्यासाठी. तू कशासाठी धरलीस ते तू सगळ्यांना एकाच वाक्यात सांगायचीस, "आठवडाभर मी लोकांना झोपवते. रविवारी मला स्वतःला जागं व्हायचं असतं." माने सर आमच्याच तालुक्यातले, खेळाचे शिक्षक, ग्रुप त्यांनी जमवलेला. तुला सगळे डॉक्टर म्हणायचे. मीही. "आवं डॉक्टर, जरा हळू," असं मी तुला कितीतरी महिने म्हणत आले. तू चिडायचीस, "अगं, मला अगंतुगं कर ना!" माझ्या तोंडून यायचंच नाही. डॉक्टरला एकेरी हाक मारायची म्हणजे देवळात चपला घालून गेल्यासारखं वाटायचं.

त्या पावसाळ्यात सरांनी सांगलीहून साताऱ्याची मोठी सहल काढली. पहिल्या दिवशी हमरस्त्यानं साताऱ्यात मुक्काम, दुसऱ्या दिवशी ठोसेघरावरून पवनचक्क्यांच्या पठारावर चढायचं, पलीकडं पाटणच्या बाजूला उतरायचं आणि मग कऱ्हाडवरून घरी. पहिला दिवस कोरडा गेला. दुसऱ्या दिवशी साताऱ्यातनं निघताना भुरभुर होती, घाट चढेपर्यंत तिचा पाऊस झाला, आणि पठारावर पोचलो तेव्हा पाऊस, धुकं आणि ढग यांत काही फरकच उरला नव्हता. पुढच्याची पाठ दिसायची नाही, फक्त सीटखालचा लाल दिवा दिसायचा, लुकलुकणारा.

पवनचक्क्या तर दिसतच नव्हत्या. पण त्या आहेत हे कळत होतं. डोक्यावर कुठंतरी पातं फिरायचं आणि कुणी भलंमोठं ओलं लुगडं झटकावं तसा आवाज यायचा. एक झटका, मग शांत. परत एक झटका. मिरजेचे इकबालभाई, तंबोरे बनवणारे, ते सायकल थांबवून वर बघत राहिले होते. "बाई, हा खर्ज बघा," म्हणाले. "माझ्या दुकानातला एकसुद्धा भोपळा इतका खाली बोलत नाय." तू हसलीस. मला हसू आलं नाही. दिसत नाही अशा वस्तूचा आवाज इतक्या जवळून येऊ नये, एवढंच मला वाटत होतं.

पुढं माझ्या सायकलची चेन पडली. तू थांबलीस. बाकीचे पुढं गेले. आपण ओरडलो, पण वारा उलटा होता. बोटं गारठलेली, चेन बसता बसेना. तू गुडघ्यावर बसून ती बसवलीस आणि हात माझ्या रेनकोटला पुसलेस. "तुझ्यामुळं पडली, तुलाच पुसणार," म्हणालीस. आपण निघालो. तू पुढं, मी मागं. थोडं अंतर गेल्यावर तुझ्या पलीकडं, धुक्यात, आणखी एक लाल दिवा दिसायला लागला.

"सर थांबलेत वाटतं," तू मागं वळून म्हणालीस.

इथपर्यंत तुझं-माझं एकच होतं. याच्या पुढं आपलं कधी जुळलं नाही.

मी सांगते ते असं. तो दिवा आपल्यापासून तितक्याच अंतरावर राहिला. आपण जोरात मारली की तोही जोरात, दम खाल्ला की तोही हळू. मी घंटी वाजवली, "माने सर, आवं थांबा की!" म्हणून बेंबीच्या देठापासून ओरडले. उत्तर नाही. मग तो डांबरी रस्ता सोडून डावीकडं वळला. तिथं तांबड्या मातीची वाट होती, चक्क्यांकडं गाड्या जायच्या तसली. तू वळलीस. मी तुझ्यामागं वळले. चिखलात चाक रुतायला लागलं तरी तू वेग कमी केला नाहीस. उलट मला वाटलं, तू पायडल मारतच नाहीयेस, सायकल आपली आपण चाललीय. तुझी मान एका बाजूला कलली होती, बसमध्ये डुलकी लागलेल्या माणसाची कलते तशी.

आणि मग तू कचकन ब्रेक दाबलास. सायकल आडवी टाकलीस आणि दोन्ही हात पसरून उभी राहिलीस, रस्त्यात ढोरं अडवतात तशी. मी तुझ्यावर आदळणार होते. तेव्हा माझ्या तोंडून निघालं, "ए शुभदा! ए, काय झालं गं?"

पहिल्यांदा. त्या धुक्यात, त्या चिखलात. तुझ्या ते ध्यानातसुद्धा आलं नाही. तू माझ्याकडं बघतच नव्हतीस. माझ्या खांद्यावरनं मागं बघत होतीस आणि कुणालातरी सांगत होतीस, "उघडलेत. हो, हो, उघडलेत."

मी मागं बघितलं. मागं कुणी नव्हतं.

तेवढ्यात माझ्या हनुवटीला पाणी लागलं. खालून. गळ्याखाली, नाकपुड्यांत, रेनकोटच्या आत पोटावर. पाऊस खालून वर येत होता, शुभदा. आयुष्यात असं कधी बघितलं नव्हतं. जमीन आपल्यावर पाऊस पाडत होती. तू माझं मनगट धरलंस, इतकं घट्ट की नंतर तिथं तुझी बोटं उमटली होती, आणि हळूच म्हणालीस, "हलू नको. पुढं जमीन नाही."

वाऱ्यानं धुकं जरा फाटलं. तू टाकलेल्या सायकलचं पुढचं चाक अजून फिरत होतं, आणि त्या चाकापलीकडं थोडंसं गवत, आणि गवतापलीकडं काहीच नाही. कडा. खाली कोसळणारं पाणी वारा उचलून परत आपल्या तोंडावर फेकत होता. आणि समोर, त्या पोकळीत, जिथं उभं राहायला काही नव्हतं, तिथं तो लाल दिवा लुकलुकत होता. मग धुकं मिटलं आणि तोही गेला.

आपण सायकली हातात धरून चालत मागं आलो. मी चिखलाकडं बघत चालले होते. मातीत जाताना उमटलेल्या चाकांच्या दोनच रेघा होत्या. तुझी आणि माझी. हे मी तुला तिथंच दाखवलं. तू म्हणालीस, "पाऊस आहे संगीता, आधीच्या पुसल्या गेल्या असतील." मी म्हटलं, "मग आपल्या का पुसल्या न्हाईत?" तू सायकल पुढं ढकललीस.

डांबरी रस्त्याला लागलो आणि थोडं मागं चालत आलो तर समोरून माने सर धावत आले. ते सगळे कामगारांच्या पत्र्याच्या शेडमध्ये थांबले होते. पावसाचा जोर वाढला म्हणून आडोशाला गेले होते. म्हणजे आपण त्यांना मागं टाकून पुढं गेलो होतो. आपल्यापुढं ग्रुपमधलं कुणीच नव्हतं.

"हाका मारून मारून घसा बसला आमचा," सर म्हणाले. "कुणामागं निघाला होता तुमी?"

आणि इकबालभाई शेडच्या दारातून म्हणाले, "पण बाई, तिसरं कोण होतं? तीन दिवे गेले ना इथून."

"दोनच गेले की," सर म्हणाले.

"तीन," इकबालभाई म्हणाले. त्यांनी नंतर कधी त्यात बदल केला नाही. कधी वाद घातला नाही, आणि कधी बदललंही नाही.

पाटणला उतरल्यावर एका खाणावळीत आपण भाकरी खाल्ली. सगळे जोरजोरात बोलत होते, वाचलेली माणसं बोलतात तसं. तू एकटी भाकरी कुस्करत बसली होतीस. मी विचारलं, "कुणाशी बोललीस गं? काय उघडलेत म्हणालीस?" तू ताटातनं मान वर न करता म्हणालीस, "रेनकोटची बटणं उघडली होती. तेच म्हणत असेन." तुझ्या रेनकोटला बटणंच नव्हती. चेन होती.

त्यानंतर किती रविवार आपण यावर भांडलो! तुझं म्हणणं, तो दिवा दुसऱ्या डोंगरावरच्या उंच चक्कीवरचा. विमानांसाठी लावतात तो. धुक्यात अंतर कळत नाही. मी म्हणायची, चक्कीवरचा दिवा डावीकडं कसा वळंल? तू म्हणायचीस, रस्ता वळला म्हणून दिवा वळल्यासारखा वाटला. मी म्हणायची, मग इकबालभाईंचा तिसरा दिवा? तू म्हणायचीस, चष्म्यावर पाणी होतं त्यांच्या. एकदा आपण जतकडं गेलो होतो. कडक ऊन, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापलेल्या ज्वारीचे सड, लांबवर मेंढरं, आभाळात नावाला ढग नाही. तू सायकल थांबवलीस आणि म्हणालीस, "हं, आता इथं सांग बघू तुझ्या भुताची गोष्ट." मी सांगायला लागले आणि मलाच ती खोटी वाटायला लागली. तू पोट धरून हसलीस. मीही हसले. परतीच्या वाटेवर ऊन उतरलं तशी ती परत खरी वाटायला लागली. ते मी तुला सांगितलं नाही.

आमच्या ह्यांनी मात्र एकदा तुझी बाजू घेतली होती. फौजेत बर्फात काढलेली वर्षं त्यांची. "थकलेल्या गड्याला असं पुढं चालणारं माणूस दिसतंय," म्हणाले. "आमच्यात लय जणांनी बघितलंय." तू खूश झालीस, "बघ, मेंदूचा खेळ." तर हे म्हणाले, "पर डॉक्टर, आमाला पुढं चालणारा वाट दावायचा. कड्यावर न्हेणारा मी कवा ऐकला न्हाई." त्यावर तू चहा संपवून लगेच निघालीस.

मग तुझा आवाज बसला. सुरुवातीला आपण पावसावर ढकललं, मग धुळीवर. नंतर कळलं की छातीत गाठ आहे आणि तिनं आवाजाची नस दाबलीय. तू मला फोनवर सांगितलंस, पोरांच्या पाढ्यांसारखं, भावनेशिवाय. मला तो आवाज ओळखू आला नव्हता. फाटलेला, वारा शिरलेला, एखाद्या ऐंशी वर्षांच्या बाईचा. "कोण बोलतंय?" विचारलं मी. "अगं मी," तू म्हणालीस.

शेवटच्या महिन्यात तू जिथं नोकरी केलीस त्याच दवाखान्यात होतीस. तू म्हणालीस, खाजगी खोली नको, माणसं दिसली पाहिजेत. त्या दुपारी मी मोसंबी सोलत तुझ्याजवळ बसले होते. बाहेर पाऊस लागला होता. शेजारच्या खाटेवर एका बाईला ऑपरेशन करून आणलं होतं. तिची सून तिला हलवत होती, हाका मारत होती, पण बाई काही डोळे उघडेना. सून रडवेली झाली. तू उशीवरनं मान वळवलीस आणि तुझ्या त्या फाटक्या आवाजात म्हणालीस, "बाई, डोळे उघडा. उघडा डोळे. झालं सगळं. डोळे उघडा." पेशंटला भुलीतून उठवताना नोकरीभर जे म्हणत आलीस तेच.

बाईनं डोळे उघडले.

सून तुझ्या पाया पडायला आली. तुझं लक्षच नव्हतं. तू छताकडं बघत होतीस आणि तुझा हात माझा हात शोधत होता. मी मोसंबं खाली ठेवलं.

"संगीता," तू म्हणालीस, "हाच."

"हाच काय?"

"हाच आवाज. पठारावरचा."

मग तू सांगितलंस. त्या लुकलुकणाऱ्या दिव्याकडं बघता बघता तुला गुंगी आली होती. पाऊस, थंडी, चाकाचा एकसारखा आवाज. भूल चढायला लागली की पेशंटला कसं वाटत असेल ते तुला त्या दिवशी कळलं. डोळे कधी मिटले ते समजलं नाही. आणि मागून, कानाजवळ, एक म्हातारी बाई म्हणाली, "डोळे उघडा. उघडा डोळे." तुझेच शब्द. तुझीच म्हणायची पद्धत, तो 'उघडा'वरचा जोरसुद्धा. पण आवाज असा, चिरलेला. तू डोळे उघडलेस तेव्हा पाऊस तुझ्या तोंडावर खालून येत होता.

"इतकी वर्षं मी विचार करत होते, कोण असेल ती म्हातारी," तू म्हणालीस.

इतकी वर्षं मी भांडत होते आणि आता तू स्वतः होऊन हरली होतीस. मला ते अजिबात नको होतं. मला वाटलं, तू उठून बसावंस आणि म्हणावंस की चक्कीवरचा दिवा होता. आणि तू म्हणालीसच. थोडा दम घेतलास आणि म्हणालीस, "अर्थात, याला कारण आहे. मेंदू जुन्या आठवणीला नवा आवाज चिकटवतो. मला आता वाटतंय की तो हाच होता. तेव्हा कदाचित कुठलाच आवाज नसेल."

"मग माझा हात का धरलास एवढा? भ्यालीस व्हय?"

तू हात सोडला नाहीस. "नाही गं," म्हणालीस. "बरं वाटलं. तेव्हा वाटलं होतं, मागं कुणीतरी परकं आहे."

याच्यावर मी बोलायला हवं होतं. काय, ते आजही कळत नाही. मी उरलेली मोसंबी सोलली. तुला गिळवत नव्हतं, म्हणून मीच खाल्ली, तुझ्यासमोर बसून, एक एक फोड. आभार मानायचे राहिले. पठारावरच्या त्या दिवसानंतर मी पोरीचं लग्न केलं, नातीला न्हाऊ घातलं, द्राक्षांच्या दोन बागा नव्यानं लावल्या, पहिलीच्या कितीतरी पोरांना मुळाक्षरं शिकवली. तू हात पसरून उभी राहिलीस म्हणून. पण शेजारच्या खाटेवर माणसं असताना असलं काही बोलायचं कसं?

एक मात्र विचारायचं होतं आणि मी विचारलं नाही. तो आवाज तुझा होता, तर तू फक्त स्वतःलाच का हाक मारलीस? मीही तर तिथंच होते, तुझ्या मागं. मला का काही ऐकू आलं नाही? कधी वाटतं, मला उठवायचं काम माझ्याच आवाजावर ठेवलेलं असेल. मग मी घरात एकटी असताना बोलायची थांबते. आपलाच आवाज कानावर पडू नये असं वाटतं.

तू गेलीस ते मला तुझ्या मुलीनं कळवलं. मी पोचले तोवर तुला नेलंही होतं. नदीवर नव्हे. देह मेडिकल कॉलेजला द्यायचा हे तू कधीच ठरवून टाकलं होतंस, आणि मला सांगितलं नव्हतंस, कारण मी भांडले असते. होय, भांडलेच असते. पहिल्या वर्षाची पोरं तुझ्यावर शिकणार. ती मोठी होऊन कुणाकुणाला बरं करणार. सगळं मला कळतं. पण घरी आले तर सासूबाई दारातच पाण्याची बादली घेऊन उभ्या होत्या, मी अंगावर पाणी घ्यावं म्हणून. "पोचवलं का नीट?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "न्हाई आत्या. पोचवलं न्हाई." त्या घाबरल्या. "मग कुठं हाय ती?" मी चपला काढल्या. शेवटी म्हटलं, "मिरजेत. कॉलेजात." त्यांनी ती बादली तशीच परत आत नेली. कुठल्या पाण्याला आता काय अर्थ, ते त्यांनाही कळेना.

रविवारी ग्रुप निघाला नाही. मी एकटीच सायकल काढली. पलूसपासून पाऊस होता, मिरजेपर्यंत थांबला नाही. कॉलेजच्या फाटकापाशी थांबले. आत जायचं नव्हतं, कुणी जाऊही दिलं नसतं. नुसती भिंतीकडं बघत उभी होते. फाटकावर नवा वॉचमन होता, माझ्याच वयाचा, बोलण्यावरून आमच्याच बाजूचा. मला भिजताना बघून त्यानं छपराखाली बोलावलं, प्लास्टिकची खुर्ची पुसून दिली.

"कुणाकडं आलाय बाई?"

"मैत्रीण हाय आत."

"शिकाय हाय?"

"न्हाई," मी म्हटलं. "शिकवाय हाय."

"व्हय व्हय, डॉक्टर हायत म्हणा की." त्यानं आतल्या इमारतीकडं बघितलं, मग पावसाकडं. "मग बसा निवांत. काम झालं की येतील भाईर."

मी सायकल भिंतीला लावली, आणि बसले.